चार पायांचा पाणीप्रश्न

पाण्याच्या बाबतीत आपण नोकरदार मंडळी किती चोखंदळ झालोय, बघा. ऑफिसातला कूलर नको, घरची बाटली हवी. हॉटेलात वेटर 'रेग्युलर की मिनरल?' विचारतो आणि आपण मेन्यूकार्डावरून नजर न उचलता 'मिनरल' म्हणून मोकळे होतो. पाणीपुरीवाल्यासमोर उभं राहिलो तरी त्याच्या गाडीवरचा जार खराच सीलबंद होता ना, याची खात्री करून घेतो. घरी आरओ, आरओला एएमसी, आणि एएमसीवाला वेळेवर आला नाही की त्याच्या नावाने शंख!

आणि याच घरातला सगळ्यात लाडका मेंबर, ज्याच्या गादीला मेमरी फोम आहे आणि ज्याच्या वाढदिवसाला बिनसाखरेचा केक येतो, तो संध्याकाळी लिफ्टमधून खाली उतरल्यावर पहिलं काम काय करतो? गेटजवळच्या डबक्यात तोंड घालतो. लपक, लपक, लपक... पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तोवर मोबाइलवर 'येस सर, आज रात्रीपर्यंत पाठवतो' असं टाइप करत असतो.

कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं. 'काही होत नाही हो, रस्त्यावरची कुत्री नाही का पीत?' पितात ना! आणि त्यातली बरीच आजारी पडतात, काही मरतातही. त्यांची फाइल कुठल्या दवाखान्यात नसते, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही, एवढंच.

पावसाळा आला की सगळीकडे भजी, लाँग ड्राइव्ह आणि रेनकोटची फॅशन यावर लिहून येतं. ते वाचाच. पण आज आपण त्या डबक्याबद्दल बोलू.

डबक्यात असतं तरी काय?

चिखल, गाड्यांचं ऑइल, कालच्या वडापावचा कागद... आणि उंदराची लघवी. जेवताना वाचत असाल तर सॉरी, पण मुद्दा नेमका तोच आहे.

लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्काम ठोकून असतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो बापडा महिनोन्महिने लघवीतून जंतू सोडत हिंडतो. कडक ऊन आणि कोरडी फरशी असेल तर हे जंतू लवकर मरतात. पण उबदार साचलेलं पाणी किंवा ओली माती मिळाली की आठवडेच्या आठवडे तग धरतात. म्हणजे जून ते सप्टेंबरमधली मुंबई, ठाणे आणि अख्खं कोकण! त्यांच्यासाठी सगळ्या सोयींनी युक्त फ्लॅटच म्हणा ना.

या जंतूच्या नावाची गोष्टही गमतीची आहे. १९०७ मध्ये स्टिमसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला तो एका रुग्णाच्या मूत्रपिंडात दिसला. हा रुग्ण पिवळ्या तापाने गेला, असा सगळ्यांचा समज होता. मायक्रोस्कोपखाली टोकाला वळलेला तो जंतू प्रश्नचिन्हासारखा दिसत होता, म्हणून त्याचं नाव पडलं 'इंटेरोगन्स'. म्हणजे प्रश्न विचारणारा. आजही तो डॉक्टरांना प्रश्नच घालतो, कारण सुरुवातीची लक्षणं कुठल्याही साध्या तापासारखी असतात. केरळातल्या लोकांनी मात्र सरळ मुद्द्याला हात घातलाय. ते या आजाराला 'एलिप्पनी' म्हणतात, म्हणजे उंदीरताप.

मुंबईकरांना 'लेप्टो' हा शब्द पाठ झाला तो २००५ मध्ये. त्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुतली, आणि मग काही दिवसांनी तापाच्या पेशंट्सनी हॉस्पिटलं भरायला लागली. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर प्रतिबंधक गोळ्या घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. उंदीर मारण्यासाठी महापालिकेची रात्रपाळीची माणसं आहेत, ती काठी-टॉर्च घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. इतकं सगळं आपल्यासाठी.

आता कुत्र्याचा विचार करा. तो अनवाणी. नाक कायम जमिनीला टेकलेलं. पंजाला कुठे काच लागलीय, कुठे नख तुटलंय, ते सांगता येत नाही. आणि पाय चिखलाने भरले की साफ करायला टॉवेल नाही, जीभच! जंतूला आत शिरायला तोंड चालतं, नाक-डोळे चालतात, जखम तर चालतेच. म्हणजे पाणी प्यायला नाही, नुसता डबक्यातून चालला, तरी निम्मा धोका झालाच.

साधारण आठवडाभराने, कधी थोडं मागेपुढे, आजार डोकं वर काढतो. ताप येतो, खाणं सुटतं, उलट्या होतात, अंग आखडतं. काही कुत्री एकदम खूप पाणी पितात आणि खूप शू करतात. पुढे डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. तोवर मूत्रपिंड आणि यकृत, दोन्हींवर हल्ला झालेला असतो. मांजरं या बाबतीत नशीबवान. ती लेप्टोने सहसा फार आजारी पडत नाहीत. पण जंतू त्यांच्याही लघवीतून जाऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

'घरात कुणाला ताप आहे का?'

आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. दोघंही आयटीत. त्यांचा लॅब, नाव मोगली, वय वर्षं चार. गेल्या जुलैत एका सोमवारी मोगली जेवला नाही. लॅब जेवला नाही ही खरं तर ब्रेकिंग न्यूज! पण पाऊस होता, घरून कॉल चालू होते, 'काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल' म्हणून दहीभात दिला गेला. मंगळवारी उलट्या. बुधवारी तो उठताना कण्हायला लागला. गुरुवारी त्यांची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून माझ्या गाडीतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी बघितली आणि काही न बोलता हातमोजे चढवले. रक्त घेतलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी तरी विसरणार नाही. 'घरात कुणाला ताप आहे का? कामाला कोण येतं तुमच्याकडे?'

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. मावशी दोन दिवस आल्या नव्हत्या. 'ताप आलाय, येत नाही' असा त्यांच्या मुलाचा मेसेज होता. आणि रविवारी मोगलीने हॉलमध्ये केलेली शू त्यांनीच पुसली होती. नुसत्या हातांनी, भांडी घासून भेगा पडलेल्या हातांनी.

त्याच संध्याकाळी मावशींना महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तपासणीत लेप्टो निघाला. वेळेत औषध सुरू झालं, आठ-दहा दिवसांत त्या घरी आल्या. मोगलीचाही जीव वाचला, पण मूत्रपिंडं काही पूर्ववत झाली नाहीत. आता त्याचं खाणं वेगळं आणि दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी.

मावशींना तो आजार मोगलीकडून झाला का? हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याकडून माणसाला लेप्टो होण्याचं प्रमाण तसं कमी असतं. बऱ्याचदा दोघांनाही एकाच पाण्याने गाठलेलं असतं. मावशींच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. त्यातून स्लिपर घालून त्या आपल्याकडे येतात, आपली लादी कोरडी ठेवायला! कुत्र्याला बाहेरच्या पाण्यापासून जपणं म्हणजे शौकीन लोकांचं फॅड नाही, ते यासाठी. आपल्या प्राण्याच्या पोटात काय जातं, त्याचा हिशेब कधीकधी तिसराच माणूस चुकता करतो. लादी पुसणाऱ्या मावशी, किंवा पट्टा धरून खाली नेणारा तो डॉग-वॉकर मुलगा.

कार्ड काढा, 'एल' शोधा

चांगली बातमी अशी की लेप्टोवर कुत्र्यांसाठी लस आहे. 'सेव्हन-इन-वन', 'नाइन-इन-वन' असे शब्द तुम्ही दवाखान्यात ऐकले असतील. त्यात बहुधा लेप्टोचा भाग असतो. बहुधा म्हटलंय, नेहमी नाही. काही लशींमध्ये तो नसतो. म्हणून लसीकरणाचं कार्ड काढा आणि लशीच्या नावापुढे 'एल' हे इंग्रजी अक्षर आहे का, ते बघा. सापडलं नाही तर डॉक्टरांना थेट विचारा, 'यात लेप्टो आहे का?'

पहिल्या वेळी दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. मग दर वर्षी एक. आपली गडबड इथेच होते. रेबीजची तारीख लक्षात राहते, लेप्टोची राहत नाही. शिवाय दुसरा डोस झाल्यावर संरक्षण तयार व्हायला थोडे दिवस लागतात. त्यामुळे पहिला पाऊस पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा मे महिन्यातच उरकलेलं बरं. 'डब्ल्यूएसएव्हीए' या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की, जिथे लेप्टो कायम ठाण मांडून असतो आणि योग्य लस मिळते, तिथे ती सगळ्याच कुत्र्यांना द्यावी. आपला पत्ता त्यात बसतो की नाही, हे काय मी सांगायला हवं?

पण लस म्हणजे चिलखत नव्हे. लेप्टोचे प्रकार अनेक आणि लशीत त्यातले मोजकेच असतात. लस घेतली, आता पी बाबा हवं ते पाणी... असं नाही चालत.

नुसतं पावसाचंच पाणी नाही

समजा, ऑक्टोबर आला आणि डबकी आटली. सुटलो? छे! आपल्या सोसायट्यांमध्ये बारा महिने कुठलं ना कुठलं पाणी साचलेलं असतंच.

पहिली जागा पार्किंग. गाडीच्या रेडिएटरमधून हिरवट किंवा गुलाबी थेंब गळतात ना, ते कूलंट. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकोल असतं, आणि त्याची चव गोड! मांजराचा जीव जायला एक-दोन चमचे पुरतात. काही तासांतच प्राणी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग जरा बरा दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. तेवढ्यात आत मूत्रपिंडं बंद पडायला लागलेली असतात. इथे उपचारांचा उपयोग पहिल्या काही तासांतच. 'सकाळी बघू' हा पर्याय नाही.

दुसरी जागा जिना. रोज सकाळी फिनाइलच्या पाण्याने जिना पुसला जातो आणि बादली तिथेच राहते. फिनाइलसारखी रसायनं मांजराच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत. त्यातून मांजराला बादलीत तोंडही घालायला नको. ओल्या पायरीवरून चालली आणि पंजा चाटला, तरी त्रास होऊ शकतो. पायरी वाळेपर्यंत दार बंद, इतकं साधं आहे.

तिसरी जागा बांधकाम. आपल्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर रिडेव्हलपमेंट चालू आहे. सिमेंट कालवलेल्या घमेल्यातलं, ड्रममधलं पाणी दिसायला नुसतं पांढुरकं, पण अल्कधर्मी इतकं की तोंड आणि अन्ननलिका भाजून निघते. त्या बाजूने फिरायला जात असाल तर पट्टा आखूड धरा किंवा सरळ रस्ता बदला.

चौथी जागा आपलीच गॅलरी. कुंड्यांखालच्या बशीत खताचा अर्क उतरलेला असतो, वर डासांच्या अळ्या. डेंग्यूसाठी महापालिकेचा माणूस तपासायला येतो, तेव्हा आपण धावत त्या बशा रिकाम्या करतो. त्या रोजच रिकाम्या असल्या तर?

आणि पाचवी, वर्षातून एकदाच येणारी जागा. पीओपीची मूर्ती घरच्या घरी विरघळवता यावी म्हणून पुण्याच्या एनसीएलच्या शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली आणि तिथल्या महापालिकेने ती पावडर लोकांना वाटलीही. कल्पना झकास. पण मूर्ती विरघळायला एक-दोन दिवस जातात आणि तोवर ती बादली गॅलरीत उभी असते. त्यात रंगही उतरलेला असतो. विसर्जन झालं की बादलीवर घट्ट झाकण, वर एखादी वीट. बाप्पाही हेच म्हणाले असते!

वीकएंडचं तळं

शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद, शनिवारी पहाटे पवना नाहीतर मुळशी. पेट-फ्रेंडली कॅम्पिंग हा आता चांगलाच रुळलेला प्रकार आहे. कुत्रं पाण्यात उडी मारतं, आपण रील काढतो, सगळे खूश. वाहत्या, स्वच्छ पाण्यात पोहायला माझी अजिबात ना नाही. पण तळ्याच्या काठी पालक सूपसारखा हिरवा थर दिसला, किंवा कुणी ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग दिसला, तर तिथून मागे फिरा.

तो थर म्हणजे बहुतेकदा नीलहरित शेवाळ. सांडपाण्यातून येणारं फॉस्फेट-नायट्रेट आणि वरून ऊन, एवढ्यावर ते फोफावतं. कोल्हापूरकरांनी आपला रंकाळा असा हिरवा पडलेला पाहिलाय. यातल्या काही जातींचं विष यकृतावर जातं, काहींचं मज्जासंस्थेवर, आणि कधीकधी तासाभरातही जीव जाऊ शकतो. उतारा असा काही नाही. आणि पाणी उकळून हे विष जात नाही, हे मुद्दाम सांगते. कुत्रं त्यात पोहून आलंच तर अंग चाटायच्या आत त्याला स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, आणि उलटी, थरथर, तोल जाणं असं काही दिसलं तर थेट डॉक्टर.

स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्यात दुसराच पाहुणा असतो, जिआर्डिया. हा एक परजीवी आहे. गुरांच्या, माणसांच्या, कुत्र्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात येतो आणि क्लोरीनलाही सहजी दाद देत नाही. ट्रिपनंतर आठवड्याभराने कुत्र्याला पातळ, घाण वासाची शी होत राहिली तर 'हवा बदलली' म्हणू नका, शी तपासायला द्या. सुदैवाने यावर औषध आहे, आणि उकळल्यावर जिआर्डिया मरतो.

ज्यांचा वीकएंड जुहू किंवा अलिबागला जातो, त्यांच्यासाठी एक ओळ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. चेंडू आणता आणता कुत्रं बरंच पाणी गिळतं. उलट्या, जुलाब आणि प्रमाण जास्त झालं तर मेंदूवरही परिणाम. दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवा, सावलीत बसवा, गोडं पाणी पाजा.

आधी पाजा, मग रागवा

आता मूळ प्रश्न. घरी फिल्टरचं पाणी असताना ही मंडळी बाहेर का पितात? थोडं कारण वास. डबक्याला शंभर गोष्टींचा वास असतो, आपल्या आरओला कसलाच नाही. पण मोठं कारण अगदी साधं आहे. तहान. दिवसभर आपण ऑफिसात, घरातलं भांडं सकाळी भरलेलं, त्यात केस आणि कालच्या खाण्याचे कण. संध्याकाळी सातला माणूस घरी येतो आणि पाच मिनिटांत पट्टा लावून खाली. तहानलेलं जनावर दिसेल ते पाणी पिणारच.

कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे अंदाजे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे दहा किलोच्या बीगलला अर्धा लिटर, तीस किलोच्या लॅबला दीड लिटर किंवा थोडं जास्त. उन्हाळ्यात, खेळल्यावर, नुसतं कोरडं खाणं असेल तर आणखी. एकदा मोजून बघा. सकाळी बाटलीने मोजून भांडं भरायचं, रात्री उरलेलं मोजायचं. आकडा एकदम खूप वाढला किंवा खूप घटला तर तीही डॉक्टरांना सांगायची गोष्ट.

म्हणून नियम एक. खाली उतरण्याआधी ताजं पाणी समोर ठेवा. दोन, बाटली आणि घडीचं भांडं पिशवीत हवंच, जसा तुमचा चार्जर असतो तसं. तीन, भांडं रोज साबणाने घासा. आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो, तो जंतूंचाच संसार असतो. स्टीलचं किंवा सिरॅमिकचं भांडं घ्या. प्लॅस्टिकला चरे पडतात आणि घाण तिथे घर करते.

पाणी कुठलं द्यायचं? जे तुम्ही पिता, तेच. महापालिकेचं नळाचं पाणी शुद्ध होऊनच येतं, घोळ होतो तो पुढे, फुटक्या पाइपात आणि गच्चीवरच्या टाकीत. पावसाच्या पहिल्या दिवसांत नळाला गढूळ पाणी येत असेल किंवा सोसायटी टँकरवर असेल, तर उकळून गार केलेलं द्या. मांजरं तशीही कमी पितात. घरात दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब भांडी ठेवून बघा. काहींना वाहतंच पाणी आवडतं, त्यांच्यासाठी छोटी कारंजी मिळतात.

राहता राहिली शिकवण. आपल्याकडे गंमत आहे. घरात आजीशी मराठी, ऑफिसात हिंदी, आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी! 'लीव्ह इट' म्हणा नाहीतर 'सोड' म्हणा, त्याला भाषेशी देणंघेणं नाही. रोज तोच शब्द, त्याच सुरात हवा. घरात सुरुवात करा. मुठीत खाऊ धरायचा, 'सोड' म्हणायचं, त्याने नाक मागे घेतलं की दुसऱ्या हातातला जास्त चांगला खाऊ द्यायचा. मग जमिनीवर, मग जिन्यात, मग रस्त्यावर. दोन-तीन आठवडे रोज पाच मिनिटं. डबक्याशी नुसतं ओरडून आणि पट्टा हिसडून काही होत नाही. सोडलं की काहीतरी बरं मिळतं, हे त्याला पटलं पाहिजे. आणि हो, तेवढा वेळ मोबाइल खिशात.

दारातली वाटी

उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्या गेटबाहेर भटक्या कुत्र्यांसाठी सिमेंटची वाटी ठेवतात. फार चांगली गोष्ट. पण पुण्य वाटी ठेवल्याने लागत नाही, घासल्याने लागतं! चार दिवसांचं शेवाळलेलं पाणी म्हणजे आणखी एक डबकंच. वॉचमन आणि पोरांनी मिळून रोज सकाळी ओतून, घासून, भरून ठेवायचं. पावसातही ठेवायचं, कारण तेव्हा बाहेर पाणी असतं, पण पिण्यासारखं नसतं. घरच्या कुत्र्याला मात्र त्या वाटीत तोंड घालू देऊ नका, त्याची बाटली आहे ना!

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याची शू पुसायला घरात हातमोजे ठेवा आणि ते मावशींना द्या. नुसते द्या नाही, घालायला लावा. त्यांना ताप आला तर पगार न कापता सुट्टी द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा, 'आमच्याकडे कुत्रा आहे' हे तिथे सांगायला सांगा. डॉग-वॉकर मुलाला गमबूट घेऊन द्या. ज्या घरात केकला पैसे आहेत, तिथे याला नसतील असं मला वाटत नाही.

फ्रिजवर लावण्यासाठी

• लसीच्या कार्डावर लेप्टो आहे का, पुढची तारीख कुठली, हे आजच बघा.

• खाली उतरण्याआधी पाणी, बरोबर बाटली, घरी आल्यावर पंजे साबणाने धुऊन बोटांच्या मधल्या बेचक्यांसह कोरडे.

• रात्री गॅलरीत डॉगफूड ठेवू नका. ते उंदरांना दिलेलं जेवणाचं आमंत्रण आहे.

• खाणं सुटलं, उलटी, ताप, अंग आखडलं, लघवी वाढली किंवा बंद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. 'डबक्यातलं पाणी प्यायला होता' हे आधी सांगा.

• माणसांच्या गोळ्या कुत्र्याला मनाने देऊ नका. लेप्टोवरचं औषध माणसांचं तेच असलं तरी मात्रा आणि दिवस डॉक्टरच ठरवणार.

• आजारी कुत्र्याची शू आधी कागदाने टिपा, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाण्याने पुसा. हातमोजे घालून. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

• पट्टा हातात असताना सर थांबू शकतात. डबकं थांबत नाही.